काजळी, वय सतरा, रंग काळा

त्या पागेत सात जनावरं होती, आणि मोतद्दार धरला तर आठ, कारण तोही उभ्याउभ्याच झोपायचा. चाळीस वर्षं त्याने घोड्यांची अंगं घासली होती. त्यातून निघालेले केस कुणी साठवून गाद्या भरल्या असत्या, तर अख्खं गाव दुपारचं आडवं झालं असतं आणि वर चार गाद्या पाहुण्यांसाठी उरल्या असत्या. हातात ती लोखंडी दातांची फणी, म्हणजे खरारा, नाही असं त्याला कुणी पाहिलंच नव्हतं. म्हणून लोक त्यालाच खरारा म्हणत. बायको तेवढी म्हणत नसे, पण रागावली की तीही म्हणायची, "अहो खरारा, जेवताना तरी तो खाली ठेवा."

थोरले मालक गेले आणि तीन महिन्यांत पागा विकली गेली. धाकटे मालक काही वाईट नव्हते. लहानपणी याच मोतद्दाराच्या खांद्यावर बसून त्यांनी त्याचे कान लगामासारखे ओढले होते, आणि ते कान तेव्हापासून थोडे पुढेच झुकलेले आहेत असं बायकोचं ठाम मत होतं. त्यांनी खरारा काकांना बोलावून सगळं नीट समजावून सांगितलं. पाच जनावरांना गिऱ्हाईक मिळालं. उरली दोन: एक तांबूस कुमैत घोडा, जो दिसेल त्याला चावायचा, आणि दुसरी काजळी. नदीपलीकडे घोडेस्वारी शिकवणारी एक शाळा होती. ती दोघांनाही ठेवून घ्यायला तयार होती. पण शाळेच्या विमावाल्यांचा एक नियम होता: यंदाच्या अश्वप्रदर्शनाचा शिक्का ज्याच्या ओळखपुस्तिकेत नाही, ते जनावर आवारात घ्यायचं नाही.

"बक्षीस नको, काका, नंबर नको," धाकटे मालक म्हणाले. "तपासणीतून आत जायचं, रिंगणात एक चक्कर मारायची, शिक्का घ्यायचा. मिळाला तर आयुष्यभर कुरणात चरेल. नाही मिळाला, तर सोमवारी ट्रक येईल."

ट्रक कुणाचा, हे खराऱ्याने विचारलं नाही. जनावर वजनावर घेणारा माणूस त्याचं पुढे काय करतो, हे ज्याने चाळीस वर्षं पागेत काढली त्याला विचारावं लागत नाही.

आता ही काजळी. ती जन्मली तेव्हा खराऱ्यानेच तिला ओढून बाहेर काढलं होतं. ओलीचिंब, पाय कुठे ठेवायचे याचा पत्ता नाही, आणि रंग असा की चुलीवरच्या किटलीचं बूड तिच्यापुढे गोरं दिसावं. म्हणून काजळी. पण जातीने ती सब्जा. सब्जा शिंगरू जन्मतं काळं आणि दरवर्षी थोडं थोडं पिकत जातं. चौथ्या वर्षी काजळी राखेसारखी झाली, आठव्या वर्षी कुणीतरी अंगावर दूध शिंपडल्यासारखी, आणि सतराव्या वर्षी ती इतकी पांढरी होती की धुक्यात बांधली तर नुसता दोर दिसायचा. घोड्यांत वावरणाऱ्या कुणालाही यात नवल वाटत नाही. डोकं पिकलेलं पाहून न्हाव्याला कुठे नवल वाटतं?

कागदावर मात्र ती काळीच राहिली. तीन महिन्यांची असताना तिची ओळखपुस्तिका झाली होती. तिच्यात घोड्याच्या तीन आकृत्या होत्या, डावीकडून, उजवीकडून आणि समोरून. मानेवरचा भोवरा फुलीने दाखवला होता. आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, रंग: काळा.

प्रदर्शनाच्या नियमांचं पुस्तक आलं तेव्हा खराऱ्याने ते बायकोचा चष्मा लावून वाचायला घेतलं. चार दिवस लागले. एकूण त्रेसष्ट नियम. रक्त नव्वद दिवसांच्या आत तपासलेलं हवं. लस टोचून सात दिवस उलटलेले हवेत. चारही नाल घट्ट हवेत. धरणाऱ्याचा शर्ट पांढरा, बूट बंद, आणि खिशात जनावराला भुलवण्यासारखं काही नको. लाथ मारणाऱ्याच्या शेपटीला लाल फीत बांधावी. कुमैतासाठी खराऱ्याने एवढी फीत आणली की शेपटीला बांधून उरलेल्या फितीत बायकोने दोन उशांना झालरी लावल्या. हे सगळं त्याला पटलं. नियम करणाऱ्याने घोडा पाहिलेला आहे, एवढं त्याने मान्य केलं.

तो अडला नऊ नंबरावर. 'जनावराचे वर्णन ओळखपुस्तिकेतील वर्णनाशी तंतोतंत जुळले पाहिजे. न जुळल्यास प्रवेश नाकारण्यात येईल.' पुढे एक्केचाळीस नंबर: 'जनावरास कलप, पॉलिश वा अन्य रंग लावल्याचे आढळल्यास ते कायमचे बाद होईल व तसा शेरा पुस्तिकेत मारण्यात येईल.' हे दोन्ही नियम त्याने पुन्हापुन्हा वाचले. मग चष्मा काढून ठेवला आणि भिंतीकडे बघत बसला.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, घोडी पिकली, त्यात काय एवढं. पण खराऱ्याला कागदाचा अनुभव होता. तीस वर्षांपूर्वी त्याच्या नोकरीच्या कार्डावर कुणीतरी लिहिलं होतं, ओळखीची खूण: डाव्या गालावर तीळ. तीळ होता उजव्या गालावर. लिहिणारा समोर बसला होता आणि त्याला डावीकडे दिसला होता, एवढंच. कार्ड बदलायची वेळ आली तेव्हा कचेरीतल्या कारकुनाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा कार्डाकडे, आणि हा माणूस तो नव्हे म्हणून परत पाठवला. खरारा सात खेपा गेला. थोरल्या मालकांची चिठ्ठी नेली, शेजाऱ्यांना नेलं, आईला नेलं. आईने सांगितलं की हा माझाच मुलगा आहे. कारकून म्हणाला, असेल, पण कार्डावरचा नाही. आठव्या खेपेला बायकोने डाव्या गालावर काजळाचा तीळ काढला आणि उजव्यावर पावडर थापली. कारकून प्रसन्न झाला. आधीच असं नीट यायला काय झालं होतं, म्हणाला, आणि कार्ड दिलं.

त्या दिवसापासून खराऱ्याच्या मनात एक गोष्ट कायमची बसली. कागदापुढे कातडीचं काही चालत नाही.

प्रदर्शन दोन दिवसांचं होतं. शनिवारी घोडे, रविवारी घोड्या. शनिवारी तो कुमैताला घेऊन रांगेत उभा राहिला. कुमैताने वाटेत एका बाईची टोपी आणि एका माणसाचं वर्तमानपत्र खाल्लं होतं, त्यामुळे रांगेत त्याच्या पुढेमागे भरपूर जागा होती. समोरच एका टोपीवाल्याचा तपकिरी घोडा तपासणीच्या टेबलापाशी होता. कारकून सुकलेल्या चेहऱ्याचा, बोटाला रबरी टोपण घालून पानं उलटणारा. त्याने घोड्याच्या कपाळाकडे पाहिलं, पुस्तिकेकडे पाहिलं, आणि पुस्तिका मिटली.

"जुळत नाही," तो म्हणाला. "कागदावर कपाळाला पांढरा ठिपका आहे. इथे नाही. बाजूला घ्या."

टोपीवाला घोडा घेऊन भराभर निघून गेला. खराऱ्याने फक्त त्याची पाठ पाहिली. एवढासा ठिपका, रुपयाएवढा. त्याच्या घोडीचा तर शेंडीपासून खुरापर्यंत सगळा कागदच खोटा ठरत होता.

कुमैताचं सगळं बिनबोभाट जुळलं. मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा कागदावरही होता आणि पायावरही. त्याने रिंगणात चक्कर मारली, पंचाच्या बाहीचं एक बटण गिळलं आणि शिक्का मिळवला. शिक्क्याची पुस्तिका हातात घेऊन खरारा टेबलापाशी तसाच घुटमळत राहिला. कारकुनाने वर पाहिलं. आणखी काही आहे का, म्हणून विचारलं. खराऱ्याने तोंड उघडलं. काजळीचं नाव अगदी दातांपर्यंत आलं होतं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि घरी आला.

बायको शिवणाच्या यंत्रावर बसली होती. तिने त्याचं तोंड पाहिलं आणि पाय थांबवले. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "अहो, पण विचारायचं तरी. माणूसच आहे ना तो?"

"विचारलं की लक्षात येतं त्यांच्या. आत्ता त्यांना माहीतच नाही, की इथे विचारण्यासारखं काही आहे."

तिने उठून नियमांचं पुस्तक आणलं आणि एक्केचाळीस नंबरावर बोट ठेवलं. त्याने ते बोट उचलून नवावर ठेवलं. त्याचं म्हणणं असं होतं, की नऊ नंबर दारातच अडवतो. एक्केचाळीस आत गेल्यावर, आणि तेही सापडलं तर. बायकोने पुस्तक मिटलं. तीळ तिनेच काढला होता, आणि तो चालला होता. ते तिलाही विसरता येत नव्हतं.

"मग निदान मला तरी लावू द्या," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही लावलात तर पट्टे उठतील."

ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी केसांना कलप लावायची, त्यामुळे हात बसलेला होता. तीन दुकानं पालथी घालून तिने अडतीस पाकिटं आणली. तिसऱ्या दुकानदाराने घरात लग्न आहे का विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, हो, आणि सासरची मंडळी झाडून सगळी पिकलेली आहेत. कपडे धुवायच्या टबात कलप कालवला. अंगणात भरपूर ऊन होतं. ती मानेकडून सुरुवात करून शिवणीच्या टाक्यांसारखी बारीक बारीक पुढे सरकत गेली आणि तो मागून पुसत गेला. काजळी एका जागी उभी राहिली. नव्या कपड्याचं माप देणाऱ्या बाईसारखी ती एकेक पाय मागाल तसा उचलून देत होती. जबड्याखाली आणि कोपरांच्या खळगीत अंगाचं तेल होतं, तिथे कलप धरेना. तिथे त्याने बुटाचं पॉलिश लावलं आणि फडक्याने चमकवलं.

चारच्या सुमारास ती वाळली. बायको हात धुवायला गेली, आणि खरारा मागे सरून बघायला लागला, तो तसाच राहिला. समोर ऐन तारुण्यातली घोडी उभी होती. तारुण्यातही ती इतकी काळी कधी नव्हती. उन्हात तिच्या पाठीवर निळसर झाक फिरत होती. त्या घोडीने आत्ता पाय आपटून दौड मारली असती तर त्याला नवल वाटलं नसतं, आणि तोही तिच्यामागे धावला असता, सांधेबिंधे विसरून. पलीकडच्या कप्प्यात कुमैताने नाक वर केलं, हुंगलं, आणि दोन पावलं मागे सरला. सतरा वर्षांची शेजारीण त्याला ओळखू येत नव्हती. खराऱ्याला त्याचं हसू आलं. त्या आठवड्यातलं त्याचं ते एकच हसू.

रविवारी सकाळी पांढरा शर्ट, बंद बूट, रिकामे खिसे. कारकुनाने बोटाला टोपण चढवलं, पुस्तिका उघडली. डावी बाजू. उजवी बाजू. समोरून. मानेवरचा भोवरा. त्याने घोडीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि पुस्तिका पुढे सरकवली.

"ठीक आहे. डॉक्टरांच्या टेबलाकडे."

ते टेबल आठ पावलांवर होतं. पहिल्या दोन पावलांत खराऱ्याने काजळीला कुरणात सोडलं. पुढच्या दोन पावलांत तिच्यासाठी झाडाखालची जागा निवडली. पुढच्या दोनांत दर रविवारी बसने नदी ओलांडून तिला भेटायला गेला, आणि उरलेल्या दोनांत आता आपण कधी मेलो तरी चालेल असं ठरवून टाकलं.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, बुटक्या, शेजारी एक स्टूल घेऊनच फिरणाऱ्या. त्यांनी डोळे पाहिले, ओठ वर करून दात पाहिले, आणि सतरा, असं स्वतःशीच म्हणाल्या. छातीला नळी लावली. सगळं उत्तम. मग सर्दीच्या गाठी आहेत का बघायला त्यांनी हात जबड्याखाली घातला. तपासणीतला हा शेवटचा भाग होता. हात बाहेर आला तेव्हा पांढरा हातमोजा काळा झाला होता.

त्यांनी तो नाकाशी नेला. पॉलिशचा वास लपत नाही. मग त्यांनी स्टूल ओढलं, चढल्या, आयाळीचे केस दोन्ही हातांनी फाकवले आणि मुळाशी पाहिलं. तिथे, कातडीला लागून, केसाची नखाएवढी बुडं पांढरी होती. त्या सावकाश खाली उतरल्या. त्यांना राग आला असता तर खराऱ्याला बरं वाटलं असतं.

"सब्जा आहे ना ही?" त्यांनी विचारलं.

"हो, बाई."

"मग कशाला हे? सब्जा घोडी पांढरी होते. तीस वर्षं हेच बघतेय मी. काळ्या कागदाच्या चार पांढऱ्या घोड्या आज सकाळपासून आत सोडल्यात."

खराऱ्याचे ओठ हलले. "तुम्हाला कळतं हो, बाई. कागदाला कळतं की नाही, ते मला ठाऊक नव्हतं."

"जुळलं नाही की कारकून माझ्याकडे पाठवतो. कागद मीच वाचते."

त्याने कालच्या तपकिरी घोड्याचं सांगितलं, त्या ठिपक्याचं. तो घोडाच दुसरा होता, बाई म्हणाल्या. आजारी घोड्याच्या पुस्तिकेवर निरोगी घोडा आणला होता त्या माणसाने, म्हणून तर पळाला. एवढं सांगून त्या थांबल्या, आणि मग जे बोलल्या ते त्यांनी मनातच ठेवलं असतं तर फार बरं झालं असतं.

"पांढरी आणली असतीत तर दोन मिनिटांत शिक्का मारला असता मी."

तो धुऊन आणतो म्हणाला. अर्धा तास द्या म्हणाला, बादली कुठे मिळेल विचारायला लागला. तपासणी एकदाच होते, आणि तोपर्यंत शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून बघायला आले होते. बाई तरीही पुस्तिका घेऊन अध्यक्षांच्या तंबूत गेल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या. शेरा लाल शाईत होता, आणि त्याच्या खालची सही त्यांचीच होती. त्यांनी पुस्तिका त्याच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. दोघंही क्षणभर ती धरून उभे राहिले, जणू कुणी पटकन ओढून घेतली असती तर अजून काही बदललं असतं.

घरी चालत यायला तास लागायचा. वाटेभर लोक थांबून बघत होते. इतकी देखणी काळी घोडी त्या रस्त्याने कधी गेली नव्हती. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढली. खराऱ्याला वाटलं, सगळ्यांना थांबवून सांगावं की ही पांढरी आहे. पण सांगून उपयोग काय?

अंगणात आल्याबरोबर त्याने शर्ट काढला, पाणी तापवलं आणि घासायला बसला. साबण झाला, सोडा झाला, राख झाली. पॉलिश निघालं. जबड्याखाली आणि कोपरांत पांढरे डाग उमटले, बाकी सगळी तशीच काळी. बायको बाहेर आली आणि त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला.

"तो नाही उतरायचा," ती म्हणाली. "मी नीट लावलाय."

आणि मग ती जन्मात पहिल्यांदा पागेच्या दारात बसून रडली.

धाकटे मालक संध्याकाळी आले. दाण्याच्या पेटीवर बसले, पुस्तिका उघडली, मिटली. तुम्ही मला आधी एक फोन करायला हवा होता काका, एवढंच म्हणाले. त्यांनी तिथूनच शाळेला फोन लावला. शाळेच्या बाईंनी विचारलं की शेरा मारलाय का. मारलाय, म्हटल्यावर फारच वाईट वाटलं म्हणाल्या, आणि कुमैत कधी येतोय ते विचारलं. खराऱ्याने घोडी स्वतः सांभाळायचं बोलून पाहिलं. कुठे, असं धाकट्या मालकांनी विचारलं, आणि त्यांच्या विचारण्यात खोट नव्हती. पागेवरची खोलीही पागेबरोबर गेली होती. नवरा-बायको महिनाअखेर मेहुणीकडे राहायला जाणार होते, तिसऱ्या मजल्यावर, जिथे कुंडी ठेवायलासुद्धा परवानगी काढावी लागे.

सोमवारी सकाळी नऊला ट्रक आला. ड्रायव्हर सभ्य होता, आधी फळी नीट बसली आहे का ते पायाने दाबून बघणारा. खराऱ्याने पुस्तिका पुढे केली तर तो म्हणाला, त्याची काही गरज नसते. दुसऱ्या कुणाच्या हाताने ती चढली नसती, अडून बसली असती, दोऱ्या आणि काठ्या आल्या असत्या. म्हणून खरारा स्वतःच पुढे झाला. त्याने नुसता हात मानेवर ठेवला. ती त्याच्या बरोबर फळीवरून वर गेली, जशी ती रिंगणात जाणार होती. मान उचलून, त्याच्या पावलाला पाऊल जुळवून.

खाली उतरल्यावर त्याने ड्रायव्हरला सांगितलं की ती बादली डावीकडे ठेवली तर पाणी पीत नाही. पत्र्याच्या आवाजाला बिचकते, तेव्हा कुणीतरी बोलत राहायचं, काहीही चालतं. ड्रायव्हरने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि इंजिन सुरू करून विचारलं की मोठ्या रस्त्याला लागायला डावीकडे वळू की उजवीकडे.

"उजवीकडे," खरारा म्हणाला. "सरळ पुलापर्यंत जा. पुलाच्या अलीकडे खड्डा आहे, तेवढा सावकाश घ्या."